भीतीचा वार मंगळवार

घाबरायचं असेल तर मंगळवारी या. बाकीचे सहा दिवस दुकान बंद.

2015 च्या फेब्रुवारीत जपानच्या कॅपकॉम कंपनीनं गेमर मंडळींच्या हातात हे वेळापत्रक ठेवलं. ‘रेसिडेंट ईव्हिल रेव्हेलेशन्स 2’ हा हॉरर गेम तिनं अख्खा विकायला काढलाच नाही. चार तुकडे केले आणि आठवड्याला एक वाढला. अमेरिकेत पहिला तुकडा 24 फेब्रुवारीला, चौथा 17 मार्चला. चारही मंगळवार. मंगळवार धरणारी माणसं आपल्याकडेही आहेत, पण त्यांना त्याचे डॉलर पडत नाहीत.

डॉलर किती? एका भागाला 5.99. चारही सुटे घेतले तर 23.96. सगळा संच एकदम नोंदवला तर 24.99, आणि त्यावर दोन जादा छोटे भाग. म्हणजे डोळे मिटून पैसे टाकणाऱ्याला सहा भाग आणि ‘आधी चव बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्या शहाण्याला चार.

शहाणपणाची बचत: एक डॉलर तीन सेंट.

बरं, संच घेणाऱ्याला तरी सगळं लगेच मिळालं का? छे. पैसे पहिल्या दिवशी, भाग ज्याच्या त्याच्या मंगळवारी. आणि ज्याला हप्त्यांचा तिटकारा होता त्याच्यासाठी डिस्कची सोय होती. ती 39.99 डॉलरला, शेवटच्या मंगळवारी. थांबायचं नाही म्हणून डिस्क घेणारा सगळ्यांत जास्त थांबला आणि सगळ्यांत जास्त पैसे देऊन मोकळा झाला.

आता गोष्ट. क्लेअर रेडफिल्ड ही या मालिकेची जुनी नायिका. ती टेरासेव्ह नावाच्या मदतसंस्थेच्या पार्टीत असते, सोबत मॉयरा बर्टन ही तरुण पोरगी. बंदूकधारी घुसतात, दोघींना उचलतात. शुद्ध येते ती एका बेटावरच्या तुरुंगात. सहा महिन्यांनी मॉयराचा बाप बॅरी होडी घेऊन तिला शोधायला त्याच बेटावर येतो आणि त्याला नतालिया नावाची लहान मुलगी भेटते. प्रत्येक भाग अर्धा क्लेअरचा, अर्धा बॅरीचा. तेच बेट, तेच बोळ, मध्ये सहा महिने.

या कैद्यांच्या मनगटावर एक पट्टा असतो. तो भीती मोजतो. शांत असाल तर हिरवा, टरकलात तर नारिंगी, पुरते हादरलात तर लाल. लाल झाला की अंगातला विषाणू जागा होतो आणि माणसाचा राक्षस होतो.

खेळणाऱ्यांच्या मनगटावर पट्टा नव्हता. त्यांच्यापुढे कीबोर्ड होता. राक्षस तरीही झाले.

पहिला भाग संपतो तिथं नतालिया बॅरीला शांतपणे सांगते, की तुझी मुलगी मेली. बस. पडदा. पुढच्या भागाची झलक. सात दिवस.

एक गट भडकला: ही शुद्ध लबाडी आहे, टीव्ही मालिकांची चाल आहे. दुसरा गट हरखला: कित्येक वर्षांत या मालिकेनं इतकं खिळवून ठेवलं नव्हतं. आठवडाभर दोघे एकमेकांची अक्कल काढत राहिले.

पुढच्या मंगळवारी दोघेही रांगेत.

मत देण्याची घाई बघा. गेमचा पाव हिस्सा हातात आलाय, आणि लोक कथानक, खलनायिका, शेवट या सगळ्याचा निकाल देऊन बसलेत. शेवट? तो अजून तीन मंगळवार लांब आहे! पण हप्त्यानं गेम विकायचा तर हप्त्यानं मत घ्यावंच लागतं. दुसऱ्या भागानंतर तेच लोक पहिल्याची बाजू घेऊ लागले. तिसऱ्यानंतर दुसरा भाग नुसता भरताड वाटू लागला. चौथ्यानंतर तिसराच सगळ्यांत भारी ठरला. ज्या भागाला आज शिव्या बसतात, त्यानं फक्त आठ दिवस कळ काढायची. पुढचा आला की त्याची रवानगी ‘जुनं ते सोनं’मध्ये.

आणि मोजमाप कशाचं? भीतीचं? नाही हो. तासांचं. हा भाग दोन तास चालला, तो दीड तासातच संपला, म्हणजे तासाला इतके डॉलर. भीती कोणी मोजली नाही, कारण तिचा हिशेब मांडता येत नाही. तीन डॉलर तास या भावानं अंगावर काटा आला की नाही, हे कुठल्या रकान्यात भरणार?

भागांची नावं वाचलीत? पहिला ‘पीनल कॉलनी’, दुसरा ‘कन्टेम्प्लेशन’, तिसरा ‘जजमेंट’, चौथा ‘मेटॅमॉर्फोसिस’. चारही काफ्काच्या पुस्तकांवरून आणि कथांवरून उचललेली. माणूस सकाळी उठतो तर किडा झालेला, ही त्याची प्रसिद्ध गोष्ट 1915 मध्ये छापून आली. गेम आला तो बरोबर शंभराव्या वर्षी. बेटाची मालकीण ॲलेक्स वेस्कर ही बाई काफ्कावेडी दाखवलीय, लाउडस्पीकरवरून कैद्यांना जड जड वाक्यं ऐकवत असते.

काफ्कानं तीन कादंबऱ्या लिहायला घेतल्या आणि तिन्ही अर्धवट टाकल्या. हप्त्यानं गेम विकणाऱ्यांना नेमका हाच लेखक का आठवावा?

पुढं जे सांगणार आहे ते वाचल्यावर हा प्रश्न तितका गमतीचा राहत नाही. 2018 मध्ये टेलटेल गेम्स या अमेरिकी कंपनीनं ‘द वॉकिंग डेड’चा शेवटचा सीझन चार भागांत विकायला काढला. लोकांनी आगाऊ पैसे भरले. ऑगस्टमध्ये पहिला भाग आला. 21 सप्टेंबरला कंपनीनं दोनशेहून जास्त माणसांना घरी पाठवलं, जाताना हातावर भरपाईही ठेवली नाही. दुसरा भाग त्यानंतर काही दिवसांत आला, म्हणजे ज्यांनी बनवला त्यांची नोकरी गेल्यावर. उरलेल्या दोन भागांचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. मूळ चित्रकथेच्या लेखकाची स्कायबाउंड ही कंपनी मध्ये पडली आणि मार्च 2019 मध्ये शेवटचा भाग एकदाचा आला.

तेव्हाही एक वर्ग होता, ज्याचं पहिलं मत ‘माझे पैसे परत कधी?’ हेच होतं. माणसांच्या पगाराचं मत नंतर आलं. काहींचं आलंच नाही.

कॅपकॉमचं कौतुक एवढ्यासाठी करायला हवं की तिनं चारही भाग आधी बनवून ठेवले होते आणि सुरू झाल्यावर एकही मंगळवार चुकवला नाही. पण मग हाच राग दुप्पट व्हायला नको का? गेम तयार आहे, कपाटात आहे, आणि किल्ली मंगळवारशिवाय फिरत नाही.

खरी आग लागली ती पीसीवर. हा गेम दोघांनी मिळूनही खेळता येतो. एक टीव्ही, एक सोफा, पडदा दुभागलेला. स्टीम या ऑनलाइन दुकानात त्याची तशी नोंदही होती. गेम बाजारात आला आणि लोकांना कळलं की पीसीवर ती सोय नाहीच. नोंद मागाहून बदलली. कंपनीचं म्हणणं असं की वेगवेगळ्या संगणकांवर गेम नीट चालावा म्हणून हा निर्णय घेतलाय.

वा! नीट चालावा म्हणून सोयच काढून टाकली.

मग मतांचा जो पाऊस पडला त्याला मात्र नावं ठेवायला मी तयार नाही. लोकांनी लाल अंगठे उलटे करकरून दाखवले आणि बरोबर केलं. दुकानाच्या पाटीवर लिहिलेली वस्तू पिशवीत नसेल तर गिऱ्हाईक दुसरं काय करणार? थोड्याच दिवसांत एका हौशी माणसानं घरबसल्या फाइली उसकटून पडदा दुभागून दाखवला. त्यानंतर कंपनीनंही पॅच काढला. जे कंपनीला जमत नव्हतं ते गिऱ्हाइकानं करून दाखवल्यावर कंपनीला अचानक जमू लागतं, ही तंत्रज्ञानातली जुनी जादू आहे.

आता पडदा दुभागलाय. बसा दोघं. इथंच या गेमची खरी गंमत आहे आणि इथंच सगळ्यांत जास्त कुरकुर झाली.

दोघांपैकी एकाच्या हातात बंदूक असते. दुसऱ्याच्या हातात नसते. क्लेअर गोळ्या झाडते. मॉयराकडे टॉर्च आणि पहार. ती बंदुकीला हातच लावत नाही, कारण लहानपणी घरात खेळताना तिच्या हातून चुकून बहिणीला गोळी लागलेली. मग तिनं काय करायचं? टॉर्चचा झोत राक्षसाच्या तोंडावर धरायचा. तो दिपून जरा डगमगला की क्लेअरनं लाथ घालायची. कोपऱ्यात पडलेल्या गोळ्या, औषधं हेही त्या उजेडातच सापडतं. ज्याच्या हाती मॉयरा, त्याचं काम उजेड धरण्याचं.

लोकांचं मत? दुसऱ्या खेळाडूला काही कामच नाही. कंटाळा येतो. बंदूक द्या.

नतालियाची तर त्याहून कमाल. तिच्याकडे टॉर्चही नाही. ती बोट दाखवते आणि वीट फेकते. भिंतीपलीकडचा राक्षस तिला जाणवतो, त्याचं नाजूक ठिकाण कुठं आहे ते ती बोटानं दाखवते, मग बॅरीनं तिथं गोळी घालायची. आणि एक प्राणी असा आहे जो बॅरीला दिसतच नाही. ग्लास्प. जवळ आला की पडदा थरथरतो, नजर धूसर होते, आणि अगदी गाठला तर खेळ तिथंच खलास. नतालियाला मात्र हवेतला तो थरथराट दिसतो. आता एका सोफ्यावरचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. ज्याच्याकडे बंदूक आहे तो आंधळा. ज्याला दिसतंय त्याच्या हातात वीट. “डावीकडे! अजून डावीकडे! अरे तुझी डावी नव्हे, माझी!” गोळी भिंतीत. दुसरी गोळी छतात. तिसरी कुठं गेली ते विचारू नका. “मार ना!” “कुठं मारू?” “तिथं!” तिथं म्हणजे कुठं, हे दोन माणसांना एका सोफ्यावर बसून आयुष्यात इतक्या तातडीनं कधी ठरवावं लागलं नसेल. दोघांच्या नात्याची परीक्षा घ्यायची असेल तर ग्लास्पसारखा परीक्षक नाही.

ही खरी भीती. रक्त नाही, अचानक दार आपटणं नाही. दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून गोळी झाडायची.

आणि या भागाला गुण किती? ‘दुसऱ्या खेळाडूला मर्यादित भूमिका.’ उणे एक.

गंमत अशी की याच मालिकेच्या पाचव्या गेममध्ये, 2009 मध्ये, जोडीदाराला बंदूक दिलेली होती. 2012 च्या सहाव्यातही होती. तेव्हा याच गोटातून ओरड होती की यात भीती कुठं उरलीय, ही तर नुसती गोळीबाराची जत्रा. कंपनीनं ऐकलं. जोडीदाराच्या हातातली बंदूक काढली. आता बंदूक हवी.

ग्राहक राजा असतो म्हणतात. राजे असेच असायचे.

तिसऱ्या भागातला तो प्रसंग. नील फिशर हा क्लेअरचा वरिष्ठ, तोच गद्दार निघतो, त्याचा राक्षस होतो, आणि तो क्लेअरला जमिनीवर दाबून धरतो. पिस्तूल जरा लांब पडलंय. पडद्यावर बटण दाबायची खूण येते. बहुतेकांनी काय केलं? दाबलं. दणादण दाबलं. क्लेअरचा हात सरकत सरकत पिस्तुलापाशी गेला, गोळी सुटली, नील मेला. चला, सुटलो!

सुटलो कसले. वाईट शेवट पक्का झाला.

चांगल्या शेवटासाठी एवढंच करायचं होतं की क्लेअरला सोडून मॉयराकडे जायचं. ज्या पोरीनं गेमभर बंदुकीला हात लावला नाही तिच्या हातात ती द्यायची. त्यासाठीचं बटण कुठलं गुप्त नव्हतं. एकट्यानं खेळताना पात्र बदलायचं तेच बटण, पहिल्या भागापासून शेकडो वेळा दाबलेलं. फक्त या वेळी कोणी ‘दाबा’ म्हणालं नाही.

यावरून जे रामायण झालं! आम्हाला सांगितलंच नाही. सूचना द्यायला हवी होती. फसवणूक आहे. अहो, राक्षस छातीवर बसलाय तेव्हा सूचना कोण देणार? सांगून टाकलं असतं तर तो निर्णय कुणाचा? कंपनीचा. पण आपल्याला गेममध्ये स्वातंत्र्य हवं असतं, बाणाची खूण लावलेलं.

माझ्या मते अख्ख्या गेममधली सर्वांत हुशारीची जागा ती हीच. तीन भाग तुम्ही मॉयराला टॉर्च धरायला लावलंत, तिच्या भीतीची टिंगल केलीत, आणि ऐन वेळी ती आठवलीच नाही. हप्त्यांचा इथं उपयोग झाला. एका बैठकीत खेळला असता तर तिची गोष्ट ताजी असती. दोन मंगळवार मध्ये गेले की माणूस बहीणबिहीण विसरतो, बटण तेवढं आठवतं.

चौथ्या भागाचं म्हणाल तर इथं कुरकुर रास्त आहे. क्लेअरचा वाटा इतका तुटपुंजा की जणू ताटात लाडू वाढला आणि तो अर्धाच निघाला. वीस-पंचवीस मिनिटं पळापळ, सगळं कोसळतंय, संपलं. उरलेला सगळा भाग बॅरीच्या खांद्यावर. तीन आठवडे ज्या बाईच्या मागं लोक पैसे घेऊन धावले, तिची निरोपाची वेळ चहा निवण्याइतकी.

जुन्या चाहत्यांचा प्रश्न वेगळाच. क्लेअरचा आवाज बदललाय! 1998 पासून ॲलिसन कोर्ट हिचा आवाज, आता दुसऱ्याच बाईचा. गेम यायच्या आधीच हे लोक सुतकात होते. पण बॅरीनं 1996 च्या पहिल्या गेममधल्या आपल्याच भोळसट संवादांवर दोनचार कोट्या केल्या आणि मंडळी विरघळली. जुन्या चाहत्याला खूश करणं अवघड असतं, असं कोण म्हणतं? त्याला त्याचंच बालपण परत विका.

मॉयराच्या तोंडी शिव्या आहेत. भरपूर. एकेक शिवी इतकी कलाकुसरीची की राक्षसानंही क्षणभर थांबून दाद द्यावी. कुणाला ती तरुण पिढीची खरी भाषा वाटली, कुणाला चाळिशीतल्या लेखकानं तरुणांसाठी बनवलेली. मी दुसऱ्या पंगतीत.

आणि सगळ्यांत लाडका ठरला तो ‘रेड मोड’. म्हणजे कथा नाही, अंधार नाही, मॉयराची व्यथा नाही. एकामागून एक राक्षस मारायचे, गुण मिळवायचे, बंदुका वाढवायच्या. भीती शून्य. भीतीचा गेम घेऊन लोक जास्तीत जास्त वेळ रमले ते बिनभीतीच्या खोलीत. तिथं मेलात तर ‘लाइफ क्रिस्टल’ वापरून उठा. क्रिस्टल कमी पडले? खरे पैसे देऊन विकत मिळतात.

हप्त्यानं मरण, रोखीनं पुनर्जन्म.

आपल्याकडचा खेळाडू या सगळ्यात कुठं होता? स्टीमवर तेव्हा रुपयांत भाव नव्हते. ते नोव्हेंबर 2015 मध्ये आले. तोवर पुण्या-ठाण्यातली पोरंही डॉलरातच मोजायची, त्यासाठी परदेशी व्यवहाराला चालणारं बाबांचं कार्ड लागायचं, आणि कार्डासोबत बाबांचं मतही यायचं. इंटरनेटची ‘एफयूपी’ मर्यादा संपली की वेग असा घसरायचा की रात्री लावलेला डाउनलोड सकाळी तिथंच. जिओ अजून दीड वर्ष लांब होतं. इथं आठवड्याला एक भाग ही लबाडी नव्हती, सवड होती. पहिला भाग उतरेपर्यंत दुसरा तयार!

अमेरिकेतला गेमर ज्याला छळ म्हणत होता, त्याला इथली पोरं नेटचा स्पीड म्हणायची.

त्याच वर्षी जूनमध्ये स्टीमनं पैसे परत देण्याचा नियम केला. चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत. छान. न्याय्य. फक्त दोन तासांहून छोटा गेम बनवणाऱ्यानं काय करायचं? खेळून संपवा, हुरळून जा, कौतुक करा आणि पैसे परत घ्या. हप्त्यांचं भवितव्य धोक्यात आलं ते कुठल्या टीकेनं नाही, या दोन तासांनी.

पण हप्ते मेले नाहीत. ‘पॉपी प्लेटाइम’ बघा. खेळण्यांचा ओसाड कारखाना, जिवंत झालेली खेळणी. पहिला अध्याय ऑक्टोबर 2021 मध्ये, दुसरा मे 2022 मध्ये, तिसरा थेट जानेवारी 2024 मध्ये, चौथा जानेवारी 2025 मध्ये. मंगळवार सोडा, इथं वर्षाचं वर्ष. दरम्यान पहिली फॅन मंडळी दहावी पास झाली.

आणि मत देणाऱ्यांची जात बदलली. आता मत द्यायला गेम खेळावाच लागत नाही. यूट्यूबवर दुसरा कुणीतरी खेळतो, किंचाळतो, आणि बघणारा ठरवतो: यावेळी मजा नाही आली. ‘पॉपी’मधला हगी वगी हा दातांचा निळा लांबलचक बाहुला गेम न खेळलेल्या पोराटोरांना नावानिशी ठाऊक आहे. आपल्याकडच्या बाजारांत त्याची नक्कल टांगलेली असते. आई भाव करते, दुकानदाराला तो कोण हे माहीत नसतं, आईला तर नसतंच. सहा वर्षांच्या मुलाला असतं. आणि तो सांगतो की पहिल्या अध्यायातलाच चांगला होता, आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

सहाव्या वर्षी पूर्वीसारखं राहिलं नाही!

चौथ्या अध्यायावर तर मोठ्यांचीही फाटाफूट झाली. तिसऱ्यात कॅटनॅप या राक्षसानं घाबरवलं तसं यात कोणी घाबरवत नाही, ही एक तक्रार. डोई नावाचा कणकेचा गोळा मात्र सगळ्यांना आवडला. हॉरर गेममधला राक्षस लोकांना जवळ घ्यावासा वाटू लागला, तर गेम फसला की जिंकला? त्यावरही मतं झाली. पुढचा अध्याय येईपर्यंत पुरतील इतकी.

रेव्हेलेशन्स 2 चं पुढं काय झालं? भाग विकून झाले, डिस्क विकून झाली, 2017 च्या नोव्हेंबरमध्ये निन्टेन्डो स्विचवर पुन्हा विकून झाला. आज तो सेलमध्ये किरकोळ भावात मिळतो, जादा भागांसकट, पॅचसकट, दुभागलेल्या पडद्यासकट. मंगळवारची वाट बघायची नाही. शनिवारी रात्री सुरू करा, रविवारी संपवा. 2015 मध्ये भडकलेल्या गटानं मागितलं होतं ते हेच.

मग आता तरी मंडळी खूश असतील? हो, हो. एक बारीकशी तक्रार सोडून. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ‘मागील भागात आपण पाहिलं’ म्हणून उजळणी लागते. आत्ताच तर पाहिलं! सारखं सारखं काय तेच? रंगात आलेलं सगळं थांबतं.